समाजशास्त्राचा विद्यार्थी आणि संशोधनाचा अनुशेष

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संशोधन अधिछात्रवृत्तींचा विषय विधान परिषदेत निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून ही मुले कोणते दिवे लावणार आहेत, अशा आशयाचा प्रतिप्रश्न केला होता. त्यावरून पुष्कळ वादंग माजले. संशोधक विद्यार्थी दुखावले, विरोधी पक्षांनी निषेध केला, वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले, आणि यथावकाश सारे शांत झाले. प्रश्न मात्र जेथल्या तेथेच राहिला. त्यातील त्रासिक सूर बाजूला ठेवला तर तो गैर आहे असेही म्हणता येणार नाही. सार्वजनिक तिजोरीतून जो खर्च होतो त्याचे प्रतिफळ काय, हे विचारण्याचा लोकप्रतिनिधींना अधिकार आहे. परंतु प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर ऐकून घेण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. आणि हे उत्तर मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांत शोधण्यापेक्षा परभणीसारख्या जिल्ह्यात शोधणे अधिक उद्बोधक ठरेल.

परभणी जिल्ह्याचे नाव शेतीच्या जगात सर्वत्र पोचलेले आहे. १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी आणि ‘परभणी मोती’ ही ज्वारी ज्या शेतकऱ्याने पेरली, त्याला हे गाव न पाहताही ठाऊक आहे. पिकाच्या एका वाणासाठी वर्षानुवर्षे प्रयोग करावे लागतात, त्यासाठी जमीन, प्रयोगशाळा आणि पगारी संशोधक लागतात, हे येथे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मात्र ती ज्वारी पेरणाऱ्याच्या संसाराचे काय झाले, गावातील बलुतेदारी मोडल्यावर त्या कुटुंबांनी कोणता व्यवसाय धरला, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांची शाळा कशी चालते, जायकवाडीच्या कालव्याचे पाणी पाथरी-मानवतच्या शिवारात आल्यावर जमिनीची मालकी आणि मजुरी कशी बदलली, या प्रश्नांसाठीही तितकेच चिकाटीचे काम लागते, हे कोणी लक्षात घेत नाही. हे काम समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचे आहे. तो ते कोणत्या परिस्थितीत करतो, हे पाहिले म्हणजे ‘दिव्यां’च्या प्रश्नाचा निम्मा उलगडा होतो.

उशिरा आलेले विद्यापीठ

या विद्यार्थ्याच्या पाठीशी फार मोठी परंपरा नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९२४ पासून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. त्या काळी परभणी निजामाच्या राज्यात होती. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला, शिक्षणाचे माध्यम उर्दू, आणि मराठी घरातील मुलाला उच्च शिक्षण घ्यावयाचे तर गाव आणि भाषा दोन्ही सोडण्याची पाळी. १९४८ साली संस्थान मुक्त झाले. १९५० साली औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे आणि नांदेडात स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स महाविद्यालय उभे राहिले. मराठवाडा विद्यापीठ आले ते १९५८ साली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले १९९४ साली, आणि परभणीची महाविद्यालये त्याला जोडली गेली. मुंबईतील विभाग आणि परभणीच्या विद्यार्थ्याच्या हाकेच्या अंतरावरचे विद्यापीठ यांत असे पाऊणशे वर्षांचे अंतर आहे.

हे अंतर केवळ कालगणनेचे नाही. पाऊणशे वर्षांत जेथे ग्रंथालये भरतात, जुने प्रबंध साठतात, शिष्यांचे शिष्य तयार होतात, तेथे नव्या विद्यार्थ्याला अर्धी वाट तयार मिळते. परभणीच्या विद्यार्थ्याला ती स्वतः पाडावी लागते. १९८४ साली दांडेकर समितीने मराठवाडा आणि विदर्भाचा अनुशेष मोजला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांतील तूट तिने रुपयांत मांडली, म्हणून निदान तिची चर्चा तरी झाली. समाजाच्या अभ्यासातील तूट कोणी मोजली नाही. म्हणून ती असल्याचेही कोणाच्या ध्यानी येत नाही.

नियमांची चौकट

पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून आज ज्या अपेक्षा केल्या जातात त्या वाजवी नाहीत असे कोणी म्हणणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात एम.ए.च्या पहिल्याच वर्षी संशोधनपद्धतीची अभ्यासपत्रिका आली, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण वा क्षेत्रप्रकल्प आला आणि दुसऱ्या वर्षी संशोधनप्रकल्प आला. गाईडे पाठ करून परीक्षा देण्याच्या सवयीला त्यामुळे आळा बसेल, ही अपेक्षा चुकीची नाही.

पीएच.डी.संबंधीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण हवेत. मागास प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटक यांना पाच टक्क्यांची सवलत. प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत यांचे वजन ७० व ३०. २०२४ पासून नेट परीक्षेचे गुणही याच प्रमाणात धरण्याची सोय झाली. प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क, दर सहामाहीस संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचे निवेदन, आणि शेवटी बाहेरच्या किमान दोन परीक्षकांचे अहवाल व मौखिक परीक्षा. मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन. स्त्रियांना आणि दिव्यांगांना त्याहून दोन वर्षे अधिक मिळतात, आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करण्यासही, मालकाच्या ना-हरकत पत्रावर, परवानगी आहे. एम.फिल. ही पदवी बंद झाली. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापून आणण्याची सक्तीही काढून टाकण्यात आली, आणि त्या सक्तीपायी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे जे पीक आले होते ते पाहता, हे बरेच झाले.

ही नियमावली वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. तिच्या कर्त्यांपुढे जो विद्यार्थी उभा होता, तो विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतो, सकाळी ग्रंथालयात जातो, दुपारी मार्गदर्शकाला भेटतो आणि महिन्याच्या अखेरीस त्याच्या खात्यात अधिछात्रवृत्ती जमा होते. सोनपेठ, पालम किंवा जिंतूर तालुक्यातील ज्या विद्यार्थ्याला हे नियम लागू होतात, त्याची गोष्ट वेगळी असते. तो सकाळी तासिका तत्त्वावर शिकवतो किंवा एखाद्या दुकानात हिशेब लिहितो, पेरणी-काढणीच्या दिवसांत घरच्या शेतावर जातो, आणि समितीपुढे हजर व्हावयाचे असले म्हणजे परभणीहून पूर्णामार्गे नांदेड आणि तेथून विष्णुपुरीचा परिसर असा प्रवास करतो. मुलगी असेल तर या यादीत एक भर पडते: लग्नापूर्वी पदवी पूर्ण होईल काय, याची. दोन वर्षांची वाढीव मुदत तिला नियमाने मिळाली. परंतु सासरी गेल्यावर त्या दोन वर्षांत तिला टेबल, दिवा आणि दुपारचे दोन तास कोण देणार, हे कोणत्याही अधिसूचनेत लिहिता येत नाही.

पैशाचा हिशेब

आता आधाराकडे वळू. केंद्राची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली. दोन वर्षांनंतर ती ४२ हजार होते. पाच वर्षांचा हिशेब केला तर घरभाडे भत्ता सोडून ही रक्कम २४ लाख रुपये भरते. ज्याला ती मिळाली त्याचा प्रश्न सुटला. ज्याला मिळाली नाही त्याला, त्याच पदवीसाठी, त्याच नियमांखाली, तितकीच वर्षे काम करताना एक रुपयाही मिळेल याची शाश्वती नाही. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांमध्ये २४ लाख आणि शून्य इतकी दरी पडावी, अशी व्यवस्था शिक्षणाखेरीज अन्यत्र क्वचितच आढळेल.

ही दरी गुणवत्तेने पडते, असे म्हटले जाईल. ते अर्धेच खरे आहे. केंद्राची अधिछात्रवृत्ती ज्या नेट परीक्षेवर मिळते, तिची समाजशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठीतून देता येणारी परीक्षा म्हणजे राज्याची सेट. परंतु तिच्यातून अध्यापनाची पात्रता मिळते, अधिछात्रवृत्ती मिळत नाही. जिच्यात पैसा आहे त्या परीक्षेत मराठी नाही आणि जिच्यात मराठी आहे त्या परीक्षेत पैसा नाही. गंगाखेडच्या महाविद्यालयात पाच वर्षे मराठीतून समाजशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याची गुणवत्ता पहिल्या पायरीवरच भाषेच्या तराजूत तोलली जाते.

ही उणीव भरून काढावी म्हणून राज्याने बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांमार्फत आपल्या अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह होते. ज्या घरांतून यापूर्वी कोणी पदवीपर्यंतही पोचले नव्हते, त्या घरांतील मुले त्यामुळे संशोधनाकडे वळली. परंतु योजनेची संख्या आणि वेळापत्रक कधी स्थिर राहिले नाही. २०२१ च्या तुकडीत बार्टीकडे आठशेहून अधिक विद्यार्थी पात्र असताना जागा दोनशेच धरल्या गेल्या, आणि मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घकाळ बसल्यानंतर २०२३ मध्ये त्यांना न्याय मिळाला. त्याच वर्षी सर्व संस्थांसाठी समान धोरण म्हणून जागांवर मर्यादा घालण्यात आली. २४ डिसेंबर २०२३ रोजी निवडीसाठी घेतलेल्या परीक्षेत तर २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका पुन्हा आल्याची तक्रार झाली आणि परीक्षा नव्याने घ्यावी लागली. संशोधनाला जी वर्षे द्यावयाची ती विद्यार्थ्याने मैदानावर आणि कचेऱ्यांच्या दारात घालवली, तर प्रबंध पातळ झाला याचा दोष एकट्या त्याच्यावर टाकता येत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर अनिश्चित मिळकतीची किंमत तिच्या आकड्यापेक्षा नेहमीच कमी असते. दर महिन्याच्या पाच तारखेला मिळणारे पंधरा हजार आणि दोन वर्षांनी एकदम मिळतील वा न मिळतील असे चार लाख, यांत घरभाडे भरणारा माणूस पहिल्याची निवड करतो. गरीब घरातील विद्यार्थ्याला रकमेइतकीच नियमितपणाची गरज आहे.

मार्गदर्शकांची टंचाई

पैसा मिळाला तरी मार्गदर्शक हवा. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. मर्यादा योग्यच आहे. वीस-वीस विद्यार्थी घेऊन एकाचेही प्रकरण न वाचणारे मार्गदर्शक विद्यापीठांनी पाहिलेले आहेत. परंतु हिशेब करून पाहावा. सहायक प्राध्यापकाच्या चार जागा भरल्या आणि प्रत्येकाला सहा वर्षे लागली, तर सहा वर्षांत नव्या विद्यार्थ्यासाठी एकही जागा रिकामी होत नाही. सारे तीन वर्षांत आटोपले तरी वर्षाला सरासरी एखादाच नवा प्रवेश. त्यातून ज्याच्या निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आणि मार्गदर्शक हा कायम सेवेतील असावा लागतो.

येथेच गाठ बसते. राज्यातील महाविद्यालयांत प्राध्यापकभरती वर्षानुवर्षे रेंगाळलेली आहे. जुने शिक्षक निवृत्त होतात, त्यांच्या जागी तासिका तत्त्वावरचा शिक्षक येतो. तो वर्ग घेतो, उत्तरपत्रिका तपासतो, कित्येकदा त्याच्यापाशी पीएच.डी.ही असते, पण मार्गदर्शक म्हणून त्याचे नाव लागू शकत नाही. म्हणजे भरती थांबली की आजच्या पदवीधराची नोकरी जाते आणि त्याबरोबर उद्याच्या संशोधकाचा मार्गदर्शकही जातो. वित्त खात्याच्या वहीत यातली बचत दिसते, हानी दिसत नाही.

२०२३ च्या जुलैत सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट ही किमान पात्रता ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. केवळ नोकरीसाठी पदवी मिळविणाऱ्यांची गर्दी त्यामुळे कमी होईल, हे इष्ट आहे. पण ज्यांना खरोखर संशोधन करावयाचे आहे, त्यांच्यापुढची अखेरची भौतिक प्रेरणाही त्यामुळे दुबळी झाली, हेही विसरता कामा नये. अशा वेळी आधार वाढावयास हवा.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. प्रबंधांचा दर्जा पाहा, असे म्हटले जाते. एका जिल्ह्याचे नाव काढून दुसऱ्याचे घातले की नवा विषय तयार. शंभर-दोनशे प्रश्नावल्या, टक्केवारीची कोष्टके आणि शेवटी सर्वांना ठाऊक असलेले निष्कर्ष. यासाठी करदात्याने पैसे का मोजावेत? यात तथ्य आहे, हे समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनीही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शोधगंगा या संकेतस्थळावर प्रबंध सर्वांसाठी खुले झाल्यापासून ते लपवण्याची सोयही राहिलेली नाही.

मात्र कारण आणि परिणाम यांची गल्लत होऊ देऊ नये. प्रश्नावली एका दिवसात भरून घेता येते. गावात सहा महिने राहावयाचे तर जेवणाखाण्याचा खर्च लागतो. ज्याच्यापाशी तो नाही तो प्रश्नावलीच निवडणार. मराठीत या शास्त्राची सामग्रीच नाही, असेही नाही. महसूल खात्यात राहून खेडे पाहिलेल्या त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले, आणि शंभर वर्षे उलटल्यावरही खेड्याचा अभ्यासक त्याला टाळून पुढे जाऊ शकत नाही. आत्र्यांपाशी पदवीसाठी भरावयाची प्रश्नावली नव्हती. गावात घालवलेली वर्षे होती. तो वेळच आजच्या विद्यार्थ्याला विकत घेता येत नाही.

इरावती कर्वे यांचे उदाहरण याहून बोलके आहे. घुर्यांच्या हाताखाली त्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहून १९२८ साली पदव्युत्तर पदवी मिळवली, ती दक्षिणा फेलोशिपच्या आधारावर. ही दक्षिणा म्हणजे पेशवाईत श्रावणमासी पुण्यात विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा. इंग्रजी अमलात त्या निधीचे रूप पालटत गेले. १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी अर्ज केला की, त्यातील काही रक्कम मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावी. त्यावर सनातन्यांनी गदारोळ केला. जोतीराव फुले सुधारकांच्या बाजूने उभे राहिले. पुढे त्याच निधीतून अभ्यासकांना वेतन मिळू लागले, आणि त्या पैशावर शिकलेल्या एका स्त्रीने महाराष्ट्राच्या समाजाचा अभ्यास उभा केला. विद्येवरील सार्वजनिक खर्च कोणासाठी आणि कशासाठी, हा वाद महाराष्ट्रात असा पावणेदोनशे वर्षे जुना आहे. प्रत्येक वेळी लाभार्थींचे वर्तुळ रुंदावले तेव्हा समाजाचे नुकसान झाले नाही, फायदाच झाला.

करण्याजोगे

उपाय फार खर्चिक आहेत असे नाही. पहिला, अधिछात्रवृत्तींची संख्या, परीक्षेची तारीख आणि पैसे जमा होण्याचा दिवस पाच वर्षांसाठी आगाऊ जाहीर करून पाळावा. जागा दोनशे असोत की पाचशे, त्या किती आहेत हे प्रवेश घेण्यापूर्वी कळले पाहिजे. दुसरा, प्रवेश मिळालेल्या पण अधिछात्रवृत्ती न मिळालेल्या विद्यार्थ्याला निदान क्षेत्रकार्याच्या वर्षापुरते लहानसे अनुदान असावे. २४ लाख आणि शून्य यांच्यामध्ये एखादी पायरी बांधावी. एम.ए.च्या संशोधनप्रकल्पालाही प्रवास आणि छपाईपुरती रक्कम मिळावी. तिसरा, कोर्सवर्क आणि सल्लागार समितीच्या काही बैठका परभणीतच व्हाव्यात. पाच-दहा विद्यार्थी नांदेडला जाण्यापेक्षा दोन प्राध्यापक परभणीला येणे स्वस्त पडते. कृषी विद्यापीठाचे ग्रंथालय आणि तेथील कृषी अर्थशास्त्र व विस्तार शिक्षणाचे अभ्यासक यांच्याशी सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांची गाठ घालून द्यावी. एकाच गावात असूनही या दोन जगांची ओळख नसावी, याला काय म्हणावे?

चौथा उपाय भाषेचा. समाजशास्त्राचा प्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा आहे, पण वाचावयाचे ग्रंथ इंग्रजीत आहेत. १९६९ साली धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद सुरू झाली, तेव्हापासून भारतीय भाषांतील समाजविज्ञानाची चर्चा चालू आहे. सं. मा. गर्गे यांच्या संपादनाखालील भारतीय समाजविज्ञान कोशासारखे थोर काम मराठीत झालेही. ते प्रत्येक पदव्युत्तर विभागाच्या कपाटात, किल्ली न लावता, उपलब्ध असावे. पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा, रिक्त जागा भराव्यात. तो झाला नाही तर बाकीचे चारही उपाय कागदावर राहतील.

विभागांवरही एक जबाबदारी येते. ज्या गावाने विद्यार्थ्याला माहिती दिली, त्या गावाला प्रबंधाचा सारांश मराठीत वाचून दाखवावा, ग्रामसभेपुढे असो की शाळेच्या ओसरीवर. निष्कर्ष चुकीचे असतील तर तेथील माणसे सांगतील. आणि तीच त्या प्रबंधाची खरी मौखिक परीक्षा होईल.

२०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. इतकी माणसे कशी जगतात, कोठे स्थलांतर करतात, का कर्जबाजारी होतात, मुलींची लग्ने कोणत्या वयात आणि कोणत्या धाकाने लावतात, याविषयी शासन योजना आखते ती बहुधा अंदाजाने. अंदाज चुकला की योजना फसते, आणि फसलेल्या योजनेचा खर्च शेकडो अधिछात्रवृत्तींपेक्षा मोठा असतो. हा खर्च कोणत्या सभागृहात कोणी विचारीत नाही. जिल्ह्याच्या शिवारात अंधार कोठे आहे, हे पाहून येऊन सांगणे हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम. त्याला कंदील आणि तेल देणे हे ज्यांचे काम, त्यांनी ते केल्यावर मग दिव्यांचा हिशेब जरूर मागावा.